मेमध्ये मागवा, दिवाळीनंतर रंगवा : जर्मन तोफांची किटं आणि त्यांचा खरा खर्च

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात शेजारचा मुलगा मोबाईल घेऊन आमच्या ओटीवर आला. "काका, यातली कुठली घेऊ?" पडद्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन तोफांच्या प्लास्टिक किटची रांग होती. आत्याने दिलेले तीन हजार रुपये त्याच्या हाताशी होते आणि बोट नेमकं तीन हजारांच्या खोक्यावर टेकलेलं होतं. मी म्हटलं, "अरे, सगळे पैसे खोक्यातच घातलेस तर चिकटवणार कशाने? आणि रंग?" त्याचा विचार त्याने केला नव्हता. पहिल्या वेळी मीही केला नव्हता. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा विस्ताराने लिहितो आहे.

पहिल्या तोफेचा हिशोब असा धरावा : जेवढे पैसे खोक्याला, जवळपास तेवढेच अवजारं, सिमेंट, रंग आणि कुरिअरला. दुसऱ्या तोफेपासून हा दुसरा भाग झपाट्याने उतरतो, कारण कटर आणि कानस संपत नाहीत. माझ्यासारख्या रत्नागिरीकराला मात्र एक तिसरा भागही मोजावा लागतो, आणि तो म्हणजे चार महिन्यांचा पाऊस. पुढे दिलेले भाव देशातल्या विक्रेत्यांकडे साधारण काय पडतं त्याचे ढोबळ अंदाज आहेत. येन किंवा डॉलर हलला की तेही हलतात, म्हणून त्यांच्याकडे खर्चाची चौकट म्हणून पाहा.

पहिलं किट म्हणून मला रणगाड्यापेक्षा तोफ बरी वाटते. पट्ट्यांच्या शेकडो कड्या जोडायच्या नसतात, एक-दोन बाटल्या रंगात काम भागतं आणि यंत्र सगळं उघड्यावर असतं. आपल्या किल्ल्यांवरची ओतीव तोफ उडाली की गाड्यासकट मागे जायची आणि तिला पुन्हा ढकलून जागेवर आणावं लागायचं. १८९७च्या फ्रेंच ७५ मिमी तोफेने हे बदललं. नळी एकटीच मागे सरकते, तेल आणि दाबलेली हवा तिला झेलतात व परत जागेवर आणतात आणि गाडा जमिनीला धरून राहतो. किटमध्ये नळीच्या वर-खाली जी लांबट नळकांडी जोडायची असतात, ती हीच यंत्रणा. ती हाताने जोडली की तोफ कशी चालते हे जेवढं कळतं, तेवढं चित्र बघून कळत नाही.

खोक्यावरचं नाव वाचायला शिका

"१०.५ सेमी ले.एफ.एच. १८". असं नाव बघून नवखा माणूस गोंधळतो आणि दुकानदार म्हणेल ते घेऊन येतो. खरं तर या नावातच सगळी माहिती असते. जर्मन सैन्य नळीचं तोंड सेंटिमीटरमध्ये मोजत असे, म्हणून १०.५ सेमी म्हणजे १०५ मिमी. 'ले' म्हणजे हलकी, 'एस' म्हणजे जड. 'एफ' मैदानी, 'एच' हॉवित्झर, 'के' म्हणजे कॅनन, लांब नळीची. 'आय.जी.' पायदळाची तोफ, 'पाक' रणगाडाविरोधी, 'फ्लाक' विमानविरोधी. शेवटचा १८ हा आकडा १९१८ सालाचा आहे, पण तोफ काही १९१८ची नाही. १९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर शस्त्रास्त्रांची बंधनं घातली होती. नव्या तोफा जुन्याच आहेत असं भासावं म्हणून त्यांना हे जुनं साल चिकटवलं गेलं. ही तोफ प्रत्यक्षात सैन्यात आली ती १९३५मध्ये.

याच तोफेचे तीन अवतार बाजारात दिसतात आणि खोक्यांवरची चित्रं सारखीच असतात, इथे नीट पाहायला हवं. नुसती १८ म्हणजे नळीच्या तोंडाशी काही नसलेली मूळ तोफ. तिचा सुमारे १४.८ किलोचा गोळा १०,६७५ मीटर जायचा. '१८ एम' म्हणजे तोंडाशी मझल ब्रेक, म्हणजे मागचा धक्का कमी करणारा तुकडा, लावलेली. त्यामुळे जास्त दारू वापरता आली आणि पल्ला १२,३२५ मीटरवर गेला. '१८/४०' म्हणजे तीच नळी पाक ४० या रणगाडाविरोधी तोफेच्या हलक्या गाड्यावर बसवलेली. १९४०च्या फ्रान्समधली तोफ करायची असेल आणि खोक्यात १८/४० निघाली, तर पैसे फुकट गेले असं समजा. आकडा न वाचता मागवायचं नाही, एवढं पाळलंत तरी निम्म्या चुका टळतात.

कुठली तोफ?

माझं उत्तर ठरलेलं आहे : ले.एफ.एच. १८. जर्मन डिव्हिजनच्या तोफखान्याचा कणा हीच तोफ होती. प्रसिद्धी मात्र ८८ मिमीच्या तोफेच्या वाट्याला आली.

या पसंतीला आमच्याकडचं एक कारणही आहे. कोकणातून मराठा पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या भरती झाली आणि त्या पलटणी दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मनांसमोर उभ्या होत्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५च्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी तोच सन्मान मिळाला. अशा मोर्चांच्या मागे, टेकडीच्या आडोशाला, जर्मन तोफखाना असे आणि त्यात मुख्य वाटा या १०.५ सेमीच्या हॉवित्झरचा. म्हणजे ही तोफ आपल्या माणसांवर चाललेली आहे. ज्यांच्या घरात पणजोबांचं पदक पेटीत जपलेलं आहे, त्यांनी ही तोफ करताना ती कुणाची आणि कुणावर रोखलेली होती हे मुलांना जरूर सांगावं. मैदानी तोफांवर तशीही फारशी चिन्हं नसत. खोक्यातल्या चिन्हांच्या कागदावर काही नकोसं वाटलं तर ते न लावल्याने प्रतिकृती खोटी ठरत नाही.

आता भाव. १/७२ मापात झ्वेझ्दा या रशियन कंपनीची ले.एफ.एच. १८ साधारण ५०० ते ८०० रुपयांत पडते. भाग थोडे असतात, खटकन बसतात, सोबत तोफचीही असतात. १/३५ मापात तैवानच्या एएफव्ही क्लबची तोफ ३,००० ते ४,५०० रुपयांच्या घरात जाते. ती फार सुंदर आहे, पण तिच्यात तीळभर आकाराचे भाग आहेत आणि ती पहिल्या माणसाची तोफ नाही.

१५ सेमी एस.एफ.एच. १८ ही मोठी बहीण. साडेत्रेचाळीस किलोचा गोळा, तेरा किलोमीटरच्या वर पल्ला, मांडलेल्या तोफेचं वजन साडेपाच टनांच्या आसपास. घोड्यांनी ओढायची तर नळी आणि गाडा वेगळे करून दोन खेपा कराव्या लागत. ड्रॅगन कंपनीने ती १/३५मध्ये लिंबरसह, म्हणजे तोफ ओढायला पुढे जोडायच्या गाड्यासह, काढली आहे. चार-पाच हजारांच्या आत ती मिळेल असं धरू नका.

ज्याला खर्च कमी आणि माप मोठं हवं, त्याने तामिया कंपनीची ७.५ सेमी पाक ४० बघावी. १/३५मध्ये, तोफच्यांसह, १,२०० ते १,८००. तिचं काटेकोर वर्गीकरण रणगाडाविरोधी असं आहे, मैदानी नव्हे. पण दोन पसरणारे पाय, ढाल, मझल ब्रेक, रबरी धावेची चाकं असं तोफेचं सगळं अंग तिच्यात आहे आणि तामियाचे भाग एकमेकांत असे बसतात की नवख्याचा हुरूप टिकतो. पायदळाच्या तोफांकडे कुणी फारसं पाहत नाही, हे मला बरोबर वाटत नाही. ७.५ सेमीची ले.आय.जी. १८ जेमतेम चारशे किलोची, माणसांनी ओढून नेण्याजोगी. १५ सेमीची एस.आय.जी. ३३ पावणेदोन टनांच्या आसपास असूनही ३८ किलोचा गोळा टाकायची. दोन्ही लहान फळीवर मावतात.

आणि ८८? ती मूळची विमानविरोधी, म्हणून या लेखाच्या चौकटीत ती बसत नाही, पण विचारणारे दहातले आठ तिचंच विचारतात. तामियाचं १/३५चं किट १९७२पासून चालू आहे. त्यात तोफच्यांचा जथा आणि एक मोटरसायकलही येते. अडीच ते साडेतीन हजार धरा. घेण्याआधी जमलं तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन या. १९९४पासूनच्या त्या संग्रहालयात पकडलेल्या शस्त्रांमध्ये जर्मन ८८ मिमी तोफ आहे. खरी तोफ डोळ्यांखालून गेली की किटमधला कुठला दांडा कशाला आहे हे विचारावं लागत नाही. फोटो काढण्याआधी मात्र दारावर परवानगी विचारा.

माप म्हणजे फळी

१/३५ म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा भाग. ले.एफ.एच.ची नळी २.९४ मीटरची, ती १/३५मध्ये ८४ मिमी होते आणि १/७२मध्ये ४१ मिमी, म्हणजे करंगळीहून आखूड. एस.एफ.एच.ची ४.४४ मीटरची नळी अनुक्रमे १२७ आणि ६२ मिमी. सरासरी उंचीचा सैनिक १/३५मध्ये जेमतेम पाच सेंटिमीटर भरतो. पाय पसरून मांडलेली १/३५ची हॉवित्झर वीतभर जागा खाते. तिला सहा घोडे आणि लिंबर जोडायची हौस असेल तर हातभर फळी मोकळी ठेवा आणि खर्च दुपटीच्या पुढे जाईल हेही धरा, कारण घोडे बहुधा वेगळे घ्यावे लागतात. हे चित्र काही खोटं नाही. जर्मन सैन्य यंत्रांवर चालायचं अशी आपली समजूत चित्रपटांनी करून दिली आहे, पण त्यांचा बहुतेक मैदानी तोफखाना शेवटपर्यंत घोड्यांनीच ओढला.

एअरफिक्सची जुनी किटं १/७६ची असतात. १/७२च्या शेजारी ठेवली की सैनिक बुटके दिसतात. एकाच फळीवर दोन्ही मापं नकोत.

पैसे देण्याआधी

पहिला प्रश्न : साचा किती सालचा? कंपन्या जुन्या साच्यातलं किट नव्या चित्राच्या खोक्यात पुन्हा काढतात. एअरफिक्सची ८८ आणि तिचा ट्रॅक्टर हे किट १९६७चं आहे. जुना साचा वाईटच असतो असं नाही, तामियाची ८८ अजूनही आनंद देते. पण जुन्या साच्याला नव्याची किंमत देऊ नये. स्केलमेट्स या ऑनलाइन सूचीत किटचं नाव टाकलं की त्याचा साचा मूळ कुठला आणि कधीचा हे वंशावळीसारखं दिसतं. ते पाहायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा प्रश्न चाकांचा. घोड्यांनी ओढायच्या ले.एफ.एच.ची चाकं आणि गाडीमागे ओढायच्या तोफेची रबरी धावेची चाकं वेगळी. रबरी धावेची तोफ घोड्यांमागे जोडली तर जाणत्याच्या डोळ्यांना खुपते. खोक्यात कुठली चाकं आहेत हे बाजूच्या चित्रावरून कळतं. तिसरा प्रश्न पितळी पत्र्याच्या भागांचा. महागड्या किटमध्ये कागदाइतक्या पातळ पत्र्यावर कोरलेले भाग येतात, त्याला फोटो-एच म्हणतात. हे भाग प्लास्टिकच्या सिमेंटने चिकटत नाहीत, त्यांना फेविक्विक लागतं, दुमडायला हात स्थिर लागतो आणि त्यांच्या कडा बोट कापतात. पहिल्या तोफेत ते नसलेलेच बरे.

जोडायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका : तोफ डागायच्या स्थितीत की प्रवासाच्या? डागताना मागचे दोन पाय पसरलेले असतात आणि टोकाचे फाळ जमिनीत रुतलेले असतात. प्रवासात पाय जुळवून बांधलेले असतात. बऱ्याच किटमध्ये दोन्हींचे भाग असतात आणि सूचनापत्रिकेत एका पायरीवर वाट फुटते. तिथे न बघता सिमेंट लावलं की परतीची वाट नसते.

बाकीचं सामान : निम्मं रत्नागिरीतच मिळतं

हॉबीच्या दुकानाचं नाव लागलं की साध्या वस्तूचीही किंमत चढते. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात वॉटर पेपर पंधरा-तीस रुपयांना एक मिळतो. ४००, ८०० आणि १००० नंबरचे एकेक घ्या. मोबाईल दुरुस्तीवाले जिथून सामान घेतात तिथे बारीक टोकाचा चिमटा ऐंशी-शंभरला आणि तारा कापायचा लहान साइड कटर दीडशे-दोनशेला मिळतो. मॉडेलचा खास निपर हजाराच्या पुढे जातो, तो चौथ्या-पाचव्या किटला घ्या. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिला लागून साइड कटरने कापू नका, दोन मिमी सोडून कापा आणि उरलेलं ब्लेडने हलकेच काढा. सोनारकामाच्या सामानात बारीक कानशींचा संच दोन-अडीचशेत येतो. नळी दोन अर्ध्या फाकांची असेल तर जोडाची रेघ घासून काढायला कानस हवीच. तोफेच्या नळीवर जोडाची रेघ राहिली तर बाकी कितीही चांगलं केलेलं असो, नजर तिथेच जाते.

तडजोड करू नये अशी वस्तू एकच, प्लास्टिकचं पातळ सिमेंट. तामियाचं किंवा तशा दुसऱ्या चांगल्या कंपनीचं, ३५० ते ५०० रुपये. ते डिंकासारखं वर बसत नाही, प्लास्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतं, आणि एक बाटली पाच-सहा तोफांना पुरते. फेविक्विकने सबंध तोफ जोडणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या तोफांवर पांढरी बुरशी उमटल्यासारखे डाग पडतात. रंग काढायला नेलपॉलिशचं रिमूव्हर वापरू नका. त्यातलं अॅसिटोन प्लास्टिकच खाऊन टाकतं.

रंगाचा खर्च तोफेला कमी, हे आधी म्हटलंच. फेब्रुवारी १९४३पर्यंत जर्मन तोफा गडद करड्या, त्यानंतर कारखान्यातून गडद पिवळ्या यायच्या आणि त्यावर तुकडीवाले तांबूस तपकिरी आणि हिरवे पट्टे मारायचे. इटलीतल्या १९४४च्या तोफेला पिवळा, फ्रान्सच्या १९४०च्या तोफेला करडा. तामियाच्या यादीत गडद पिवळा एक्सएफ-६० आणि करडा एक्सएफ-६३. बाटली दोन-अडीचशेला. हा अॅक्रिलिक रंग पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. शून्य आणि दोन नंबरचे चांगल्या केसांचे ब्रश घ्या. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर पाच ते आठ हजारांचा, पहिल्या वर्षी विसरा. खऱ्या मैदानी तोफेवरचे पट्टेही तुकडीतल्या माणसांनी बरेचदा ब्रशने, घाईत मारलेले असायचे. तुमच्या ब्रशचा हलका फराटा तिथे शोभतो.

खालच्या पाटावर माती घालायची असेल तर भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणा, पण गोड्या पाण्यात दोनदा तरी धुऊन उन्हात वाळवा. नाहीतर महिन्याभरात मिठाचे कण वर येतात. जांभ्याची माती मलमलीतून गाळून घेतली तर वाळलेल्या धुळीसारखी बसते, फक्त तिचा लाल रंग कोकणाचा आहे. इटलीसाठी तिच्यात थोडी राख मिसळा. मापाचं भान ठेवा. एक मिमीचा खडा १/३५मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो, १/७२मध्ये सात सेंटिमीटरचा.

पावसाचा हिशोब

मुंबई-पुण्यातल्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात हा भाग नसतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि त्या दिवसांत भिंतीलाही घाम येतो. स्प्रेचा रंग अशा हवेत मारला तर वर दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर धरतो. एनॅमल रंग दिवसेंदिवस चिकट राहतो, बोटाचा ठसा कायमचा उमटतो. अॅक्रिलिक वाळतो, पण वेळ घेतो, आणि घाईने दुसरा हात दिला की खालचा उचकटतो. मी जुलैत रंगवलेल्या माझ्या दुसऱ्या तोफेची ढाल अशीच गेली. सगळा रंग काढून पुन्हा करावी लागली, आणि वाया गेलेल्या बाटल्या आणि प्रायमर धरून आठशे रुपये पाण्यात गेले.

म्हणून आमच्याकडचं वेळापत्रक वेगळं ठेवा. किट आणि सिमेंट मे महिन्यात, आंब्याच्या दिवसांतच मागवा. पाऊस लागला की कापणं, घासणं, जोडणं. हे काम पावसाळी दुपारीच चांगलं होतं, वीज गेली तरी खिडकीच्या उजेडात चालतं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की जोडलेली तोफ साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, दोन दिवस वाळू द्या आणि दिवाळीनंतर रंगवायला घ्या. तेव्हापासून मेपर्यंत हवा तुमच्या बाजूची असते.

समुद्राची खारी हवा बाराही महिने काम करते. कटर आणि कानशी वापरून झाल्या की शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवून ठेवा. पितळी भाग आणि काही किटमध्ये येणारी अॅल्युमिनियमची नळी उघडी ठेवू नका, प्रायमरचा एक हात लगेच द्या. चिन्हांचा कागद घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवा. तयार तोफेला काचेची पेटी हवीच, आणि हा खर्च आधीच धरलेला बरा. अॅल्युमिनियम सेक्शनचं काम करणाऱ्याकडून फूटभर लांबीची पेटी साधारण सातशे ते बाराशेत होते. मागची बाजू बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा.

मागवणं आणि तक्रार

रत्नागिरीत किट मिळालंच तर एखादं, निवड करायची म्हणजे मागवायचंच. देशातल्या विक्रेत्याकडून घेतलं तर किमतीत आयातशुल्क धरलेलं असतं, परदेशातून स्वतः मागवलं तर ते दारात भरावं लागू शकतं. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क फेब्रुवारी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३च्या अर्थसंकल्पात ७०. अशी मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. स्वतःच्या वापरासाठी आलेल्या पार्सलला दर वेगळा लागतो आणि दर बदलत असतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात चालू दर पाहा. परदेशातलं स्वस्त खोकं शुल्क आणि टपालखर्च धरून बरेचदा देशातल्याइतकंच पडतं, आणि तक्रार करायला समोर कुणी नसतं.

१ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मोठ्यांसाठीच्या किटच्या खोक्यावर '१४+' लिहिलेलं असतं, ते बघून घ्या आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाला एकट्याला ते देऊ नका. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असायला हवी. लेबल नसेल तर विचारा. पेटणारे रंग आणि स्प्रे विमानाने जात नाहीत, रस्त्याने येतात. पावसात घाट किंवा महामार्ग अडला की पार्सल रखडतं आणि खोकं ओलं होतं. हेही मेमध्ये मागवण्याचं एक कारण.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी सूचनापत्रिकेवरच्या नकाशाशी प्रत्येक चौकट ताडून पाहा. माझ्या एका किटमध्ये एक चाक नव्हतं. मी तीन महिन्यांनी जोडायला बसल्यावर ते लक्षात आलं, तोवर परतीची मुदत संपली होती आणि माझ्याजवळ पुरावाही नव्हता. तुम्ही वेळेत असाल तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही दाद लागली नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता बंगळूरूचा असो की दिल्लीचा, तुम्हाला रत्नागिरी सोडावी लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

शेजारच्या मुलाने शेवटी तीन हजारांचं खोकं सोडलं. १/७२च्या दोन ले.एफ.एच. घेतल्या, १,४०० रुपये. सिमेंट ४००, साइड कटर १५०, वॉटर पेपर ६०, चिमटा ८०, दोन रंग ५००, ब्रश १२०, कुरिअर १५०. एकूण २,८६०. उरलेल्या १४०मध्ये ब्लेड आणि फेविक्विक. एक तोफ करडी, १९४०ची, दुसरी पिवळी, इटलीतली. जुलैअखेर दोन्ही जोडून झाल्या. सध्या त्या बिनरंगाच्या, त्याच्या आईच्या कपाटात सर्वांत वरच्या कप्प्यात आहेत आणि रंगाच्या बाटल्यांची सीलं त्याने अजून फोडलेली नाहीत.